बाळारामचा कान

बाळाराम कुठलीही वस्तू हातात आली की आधी कानाला लावायचा. बघणं नाही, हुंगणं नाही, थेट कानाला! एकदा एका बाईंनी लेबलासाठी लोणच्याची बरणी आणली, तीही लावली. झाकण सैल होतं. तेल कॉलरमधून पार बनियनपर्यंत उतरलं, बाई "अय्या, अहो!" करून ओरडतायत, आणि साहेब डोळे मिटून ऐकतायत.

हा इसम माझ्या प्रेसमध्ये आर्टिस्ट होता. डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीला खेटून माझा छापखाना. कॉम्प्युटर अजून आमच्या गल्लीत शिरला नव्हता. लेबलं, लेटरहेडं, लग्नपत्रिका, सगळं हातानं काढायचं. बाळारामचा हात असा, की कंपास न घेता गोल काढला तरी बांगडी ठेवून बघा. पण काढेल तेव्हा ना! आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी.

"ह्याचा आवाज काय?"

"अहो, अगरबत्ती आहे. तिला कसला आलाय आवाज?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी पंख्याकडे.

"मंग लेबल कसा काढू? मुक्या मालाचा काम मी नाय करत."

मग एक काडी पेटवून कानाशी धरली. चंदनाआधी केस जळल्याचाच वास सुटला. "बोलली!" म्हणाला, आणि तासाभरात एकच नाजूक वळसा काढून दिला. ते लेबल इतकं गाजलं, की गिऱ्हाईक पुढल्या महिन्यात पेढे घेऊन आलं. आता अशा माणसाला कामावरून काढायचं तरी कोणत्या तोंडानं?

प्रेसच्या मागच्या खोलीत मी कागद ठेवायचो. ठेवायचो म्हणजे पूर्वी. हळूहळू तिथे बाळारामचं भंगार आलं. कल्याणच्या भंगारवाल्यांशी त्याची अशी घसट, की ते याला सणाला घरी बोलवायचे. गंजलेल्या पत्र्याच्या जाहिराती, ग्रामोफोनचा कर्णा, टेलिफोनच्या तबकड्या, एक टोल न देणारं घड्याळ. आणि मधोमध कपाटाएवढा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याचं नाव आजोबा.

"अरे, हे सगळं कशाला?" मी कातावायचो.

"जुन्यात आवाज मुरतो, शेठ. लोणच्यासारखा."

एमआयडीसीतून फेकून दिलेल्या वायरी, सर्किटं, आणि ठाण्याहून आणलेला एक सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असं काय काय त्यानं आजोबांच्या पोटात कोंबलं. बटण फिरवलं की "व्वूंऽऽऽ" असा आवाज निघायचा, आणि माझ्या टेबलावरचा चहा थरथरायचा. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा शेजारच्या नामदेवनं बेअरिंग गेलं समजून चालू गिरणी बंद केली. डबे घेऊन रांगेत उभ्या बायकांनी त्याचा उद्धार केला, त्यानं माझा केला, मी बाळारामचा केला. बाळाराम वहीच्या पाठीवर त्या आवाजाच्या रेघा काढत बसला होता. रेघ अजून खाली उतरायला हवी म्हणाला.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं. बाळाराम खाडीकडच्या आगरी गावातला. त्याची आई धवलारीण. म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. हळद असो की मांडव, तिनं गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक नवरीला हिच्याच गळ्यानं हळद लावलेली. पण दोन वर्षांमागे आजारपणात तिचा आवाज बसला तो बसलाच. एका लग्नात वरचा सूर लावायला गेली आणि गळा फाटला. पोरं हसली. म्हातारी पाटावरून उठली, घरी गेली, आणि त्यानंतर कुणाच्या मांडवात तिनं तोंड उघडलं नाही.

आणि आता तिच्याच धाकट्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलं होतं, कोलशेतच्या मुलाशी. सुमन प्रेसमध्ये येऊन माझ्यासमोर रडली. "काका, आई नाय गायली तर मी पाटावर बसणार नाय. आई बोलते दुसरी धवलारीण बोलवा. तुम्ही तरी दादाला सांगा, तिला समजव म्हणून."

मी मागच्या खोलीत गेलो. दादा आजोबांना कान लावून बसलेले.

"लाज वाटते का रे? घरात आई-बहीण रडतायत आणि तू इथे भुंगे पाळतोयस!"

"हळदीला आजोबांना नेणार हाय," तो म्हणाला. मी हात जोडले आणि बाहेर आलो.

पत्रिका अर्थातच त्यानंच काढली. वरच्या पानावर गणपती नाही, कलश नाही, नाव नाही. पांढऱ्या कागदावर एक हळदी रेघ. सुरुवातीला वर चढते, थरथरते, खाली कोसळते, आणि मग पानभर तळाशीच चालत राहते.

"अरे, लग्नपत्रिकेतली रेघ वर जाते, वर!"

"ही खालीच बरी हाय, शेठ."

मजकूर आत होता, पण आत बघतो कोण? त्याच्या टिटवाळ्याच्या मामांनी वरचं पान बघितलं, तो कार्डिओग्राम आहे असं समजले, आणि दोन शहाळी, डझनभर मोसंबी घेऊन धापा टाकत बाळारामच्या घरी हजर! "कोणाला आला अटॅक? कुठं ठेवलाय?" सुमननं त्यांना बसवून पाणी दिलं, पत्रिका उघडून दाखवली. मामा म्हणाले, "बरं झालं," आणि एक मोसंबं स्वतःच सोलून खाल्लं.

हळदीच्या संध्याकाळी आम्ही सहकुटुंब गेलेलो. अंगणात मांडव, नामदेवच्या टेंपोतून आलेले आजोबा पाटामागे एका कोपऱ्यात, आणि पोरं "दादा, डिस्को लाव!" म्हणून आजोबांना वेढून उभी. दुसरी धवलारीण बोलवलेलीच नव्हती. सुमन नुसती उभी, पाटावर बसायला तयार नाही. म्हातारी उंबऱ्यात पाठमोरी बसलेली, पदर तोंडाला. सगळं अडलेलं.

बाळारामनं बटण फिरवलं. व्वूंऽऽऽ. डिस्को नाही, ताल नाही, नुसता एक खोल, जाड सूर. पोरांचा विरस झाला. माझ्या बायकोनं मला कोपर मारलं, "हे काय हो?" मी सवयीनं वर पंखा शोधला.

"बंद कर रं तो भुंगा!" म्हातारी वळून ओरडली. आणि ओरडता ओरडता थबकली. तिचा तो बसका, घोगरा आवाज त्या सुरात अगदी चपखल बसला होता. आम्हा सगळ्यांना कळलं. तिलाही कळलं.

बाळाराम तिच्यामागे जाऊन उकिडवा बसला. "आये, ल्हान होतो तवा तुझे पाठीला कान लावून झोपायचो ना, तू मांडवात गायचीस तवा? बाहेर येगला वाजायचा, आतमंदी येगला. बाहेरचा आवाज गेला. आतला हाय की गो. मी त्योच शोधत व्हतो."

म्हातारी उठून पाटाजवळ आली, आजोबांना लागून बसली, बाळाराम तिच्या पाठीशीच. मग आजोबांच्या सुरावर तिनं तोंड उघडलं. वर नाही गेली. खालीच राहिली, त्या हळदी रेघेसारखी. तिच्या नेहमीच्या साथीला गाणाऱ्या दोघी आधी बावरल्या, मग त्याही खाली उतरल्या. सुमन धावत येऊन पाटावर बसली, रडतेय आणि हसतेय, आणि म्हातारीसकट सगळ्या बायका तिला हळद फासतायत. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? मामा तर हुंदके देत होते.

दुसऱ्या धवल्याला म्हातारीचा सूर जरासा सरकला. बाळारामनं झटकन तिच्या पाठीला कान चिकटवला आणि हात लांब करून बटण केसभर फिरवलं. चाळिशी गाठलेला, टक्कल पडायला लागलेला गडी, आईच्या पाठीवर डोकं टेकून, डोळे मिटून बसलेला. म्हातारीनं न थांबता, न वळता, हळदीचा हात मागे नेला आणि त्याच्या दुसऱ्या कानाला हळद लावली.