खिळ्यावरचे साहेब

‘शिवार सम्राट’ हा मोबाइलवरचा खेळ संपूर्णपणे मौलिक, म्हणजे कुणाचीही नक्कल नसलेला, असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. परदेशी खेळात रस्तोरस्ती राक्षस पकडायचे असत, इथे बैल होते. घाईगडबडीत एका बैलाचे पंख छाटायचे राहून गेले, ती किरकोळ बाब. नियम सोपा होता: जो ज्या जागी जास्त वेळ हजर, ती जागा त्याची.

कुंभार पिंपळगावच्या पुढच्या एका लहानशा गावात अंगदने पार, टाकी, बसथांबा सगळं जिंकलं. उरली फक्त ग्रामपंचायतीची कचेरी. ती ग्रामसेवकांच्या ताब्यात होती. अंगद दिवसदिवस पायरीवर ठाण मांडून बसला, तरी कचेरी हाती येईना. शेजारी त्याची चुलती गोजरबाई बसलेली असे. नातीच्या वसतिगृहासाठी तिला रहिवासी दाखला हवा होता आणि मुदत शनिवारी संपत होती.

“साहेब तर आलेच न्हाईत, मंग खेळात आत कसे?” अंगदने शिपाई कारभारीला विचारलं.

कारभारीने दार उघडलं. आत खिळ्याला चार्जरसकट साहेबांचा फोन लटकत होता. “साहेब जालन्यात राह्यतेत, पण हजेरी बराबर लागती. हात लावू नको, ड्युटीवर हायेत.”

अंगदने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं: ‘फोन जागेवर, म्हणजे खेळाडू जागेवर. अशा मौलिक खेळीचे आम्ही स्वागत करतो.’

“आन् मी?” गोजरबाई म्हणाली. “मी तं रोज हितंच बसून राह्यले.”

“तुझ्याकडं फोन न्हाई, काकू. खेळात पायरी रिकामीच दिसती.”

अंगद पेटला. “कचेरी माझी होऊ दे, मंग आधी तुझा दाखला. साहेबाला जालन्यातून ओढून आणतो.”

त्याने दुसरा खिळा ठोकून, पॉवर बँक जोडून आपला फोन टांगला. शुक्रवारी लाइट गेली, साहेबांचा फोन मेला आणि कचेरी अंगदची झाली. कारभारीने विजेत्या फोनला हार घातला.

शनिवारी सकाळीच गोजरबाई आली. “अंगद कुठंय?”

“आत हायेत,” कारभारी दार अडवून म्हणाला. “ड्युटीवर.”

अंगद तेव्हा फोन खिळ्यावर ठेवून जालन्यात कंपनीने ठेवलेल्या स्वतःच्या सत्काराला गेला होता. साहेब पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी मुदत संपली आणि पोरीचं वसतिगृह हुकलं. लिहितानाही माझा संताप होतो.

असो. तुम्हीही आत्ता कागदोपत्री कुठेतरी हजर असालच. तिथे तुमच्यासाठी कोण ताटकळलंय, तेवढं बघून घ्या.