तुरट जाकीट

युकिएचा पाय मुरगळला आणि टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या केशरी काकीफळांचा ठेला पहिल्यांदाच तिच्या नवऱ्याच्या, एकट्या तोकुजिरोच्या गळ्यात पडला. फळं ऐन पिकली होती. "आज नाही खपली, तर उद्या पिलपिलीत होतील हं," असं बजावत तिने स्वतःचा जुना किमोनो उसवून शिवलेलं निळं जाकीट त्याच्या अंगात चढवलं.

"या वयात नट्टापट्टा?" तो कुरकुरला.

पण ठेल्यापुढे रांग लागली. तेवढ्यात सायकलवरून जाणारी कॉलेजची एक मुलगी ओरडली, "आजोबा, शिबुई!"

शिबुई म्हणजे तुरट. तुरट काकीफळ खाल्लं, की जीभ टाळूला चिकटते. रांग थबकली.

"तुरट आहेत म्हणे," रांगेतल्या ओगावाबाईंनी उचललेलं फळ खाली ठेवलं.

"मधासारखी आहेत हो!"

"मग ती पोरगी पळाली का?"

"थांबा, मीच खाऊन दाखवतो!"

घाईत तोकुजिरोचा हात गेला नेमका मागच्या खोक्यात. त्यात वाळवून गोड करायची तुरट फळं होती. पहिल्याच घासाला तोंड आखडलं.

"कसं लागतंय?"

"ग्गो... ड," तो डोळे पुसत म्हणाला.

रांग पांगू लागली. ओगावाबाईंनी सिग्नलला थांबलेल्या मुलीला हाक मारली, "काय गं, फार तुरट होतं का?"

"फळ? छे! आजोबांचं जाकीट म्हटलं मी. साधं, मुरलेलं, एकदम शिबुई!"

शब्दाचा हा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता. तो तोकुजिरोला लागू पडेल, हे मात्र कुणाच्या, अगदी त्याच्याही, डोक्यात आलं नव्हतं. आता सगळे जाकीट निरखू लागले.

"कुणी शिवलं हो?"

बोलता येईना, म्हणून त्याने घराकडे बोट दाखवलं. हसत हसत रांग पुन्हा लागली. वाळवायची फळंसुद्धा लोकांनी नेली.

रिकामी खोकी बघून युकिएने विचारलं, "लोक हसले ना जाकिटाला?"

एवढ्या संसारात बायकोचं कौतुक तोकुजिरोच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आज ओठांवर आलं, तर जीभ अडलेली.

"शि... बुई."

"फळं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"जाकीट?"

पुन्हा नकार. मग त्याने वाकून नमस्कार केला आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

युकिएने त्याच्यापुढे गरम चहा सरकवला. "घ्या. जीभ सुटली की परत म्हणा. नीट ऐकू नाही आलं."