एकही अक्षर वाया गेलं नाही!

आमच्या ऑफिसात एक गोष्ट सर्वमान्य होती: विंडोंच्या कामातलं मला जेवढं कळतं, तेवढं दुसऱ्या कुणालाही कळत नाही. सर्वमान्य म्हणजे मला मान्य होती. बाकीच्यांना विचारायची वेळ कधी आलीच नाही!

माझं काम सोपं. तुम्ही कीबोर्डवर बटण दाबलंत की ते अक्षर स्क्रीनवरच्या दहा विंडोंपैकी कोणत्या विंडोत जायचं, हे माझा प्रोग्राम ठरवतो. नियम एकच! माउसचा बाण ज्या विंडोवर, अक्षर त्या विंडोत. क्लिक करायचीही तसदी नको. मशीन अडकलं तर दाबलेली बटणं रांगेत थांबतात आणि मशीन हललं की एकेक करून पोचती होतात. एकही अक्षर वाया जात नाही. बाण मात्र रांगेत थांबत नाही, कारण बाण अडखळला की लोक लगेच बोंब मारतात.

"आणि अक्षरं रांगेत असताना बाण हलला तर?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईंनी साहेबांसमोरच विचारलं होतं. "बटण दाबलं तेव्हा बाण कुठे होता, हे अक्षरासोबत नोंदवून ठेवा ना."

"बाई, उगाच फाटे फोडू नका!" मी म्हणालो.

मग आला डेमोचा दिवस. ऑफिसात रंगकाम, म्हणून मी घरून. तिकडे गिऱ्हाईक कंपनीत साहेब आणि तिथल्या मॅडम भिंतीवरच्या पडद्यासमोर बसलेले. माझी डेमोची विंडो त्यांना तिथे दिसणार, बोलणं फोनवर. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "हे काम मिळालं की विभागप्रमुख तुम्हीच!" मी मनातल्या मनात केबिनचे पडदेसुद्धा निवडले होते.

थाटात मी चाळीस विंडो उघडल्या. चाळिसावीला मशीन ठप्प! बाण तेवढा ऐटीत फिरत होता.

"दोन मिनिटं हं," मी म्हणालो. तिकडे साहेबांनी स्वतःची टिमकी वाजवायला घेतली. इकडे दारात आई, हातात फडकं. आई रोज अकराला टेबलं पुसते, भूकंप झाला तरी! फोन चालू, तोंडाने बोलायची सोय नाही. म्हणून बाण नेला चॅटवर आणि स्वयंपाकघरातल्या बायकोला टाइप करायला लागलो. अक्षरं दिसत नव्हती, पण माझा माझ्या प्रोग्रामवर विश्वास होता. लिहिलं:

"आई फडकं घेऊन आलीय, तिला आवर. इकडे साहेब टिमकी वाजवतोय, त्याला माउस उलटा धरला तरी कळत नाही. मॅडम तर अशा आवाजात बोलतात, जणू कुणी गेलंय. एकदा प्रमुख होऊ दे, मग बघ!"

एन्टर दाबला. आणि बायको यायच्या आत आईने माउस उचलला!

"आई!" मी कुजबुजलो. "ठेव तो खाली!"

"थांब रे, किती मळलाय! शी!"

तिने माउस पोटाखालून पुसला, पाठीवरून पुसला, आणि बाण घसरत घसरत जाऊन बसला थेट डेमोच्या विंडोवर. नेमकं तेव्हाच मशीन हललं. भिंतीवर नीट दिसावं म्हणून अक्षरं मीच वीतभर मोठी करून ठेवली होती. एकेक अक्षर शिस्तीत उमटायला लागलं. मी माउस ओढतोय, आई सोडत नाही! "टिमकी"पर्यंत साहेब बोलत होते. "उलटा"पाशी थांबले.

अख्खा मजकूर "मग बघ!"पर्यंत उमटला.

"हे सगळं मशीन ठप्प असताना टाइप केलंत?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायलाही काही उरलं नव्हतं.

"आणि एक स्वल्पविरामसुद्धा गळला नाही! आम्ही घेतो तुमचा प्रोग्राम," मॅडम म्हणाल्या. आवाज तसाच, कुणी गेल्यासारखा. "फक्त बाण हलला की अक्षरं भलतीकडे जातात, तेवढं दुरुस्त करा."

"नक्की मॅडम!" साहेबांचा आवाज मधाळ. "आमच्या नव्या विभागप्रमुख बाईंनी हे महिन्यापूर्वीच सांगितलं होतं."

नव्या विभागप्रमुख बाईंचा चष्मा तेव्हा नक्की चमकला असणार.

आता मी प्रत्येक अक्षरासोबत बाणाची जागा नोंदवायचं काम करतो, त्यांच्याच हाताखाली. साहेब माझ्यासमोर माउस मुद्दाम उलटा धरतात आणि "बरोबर आहे ना हो?" म्हणून विचारतात. सगळं सहन होतं. पण आई त्या दिवसापासून माझं टेबल सोडून अख्खं घर पुसते. धूळ बोटभर साचली, तेव्हा मीच फडकं घेऊन तिच्यापुढे गेलो.

चष्मा कपाळावर चढवत ती म्हणाली, "छे रे बाबा! मोठ्या अक्षरात लिहिलं होतंस की, मला आवरायला. मी वाचलं सगळं. एकही अक्षर चुकलं नाही!"