मेहुणे दुसऱ्या खुर्चीवर परत आणिले त्याची हकीकत

आपल्या मुलुखाची मंदी कैसी आली आणि कैसी गेली हे ज्यांस जाणणे असेल त्यांनी सरकारी आकडे जरूर पाहावे. परंतु आकड्यांस डोके नसते, आणि डोक्यांची खबर सलूनवाल्याखेरीज कोणास नसते, सबब त्याजकडील हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

मुलुखात पंख्यांचा एक थोर कारखाना होता, आणि त्याचे फाटकासमोर, बसथांब्याचे बगलेस, कात्रीधुरंधर वस्तराबहाद्दर सलूनवाले राजे दोन खुर्च्यांचे राज्य चालवीत होते. पहिल्या खुर्चीमागे खुद्द राजे उभे राहात आणि दुसरीमागे त्यांचे मेहुणे, म्हणजे बाईसाहेबांचे धाकटे बंधू, हाताने हलके आणि जिभेने त्याहून हलके. मग मंदी आली. तिने आधी कारखान्याची रात्रपाळी खाल्ली, मग दिवसपाळी खाल्ली, आणि मग फाटकास कुलूप पडले. कामगार घरी बसले आणि त्यांचे केस घरच्या मंडळींनी स्वयंपाकघरातील कात्रीने कापिले. भले भले गृहस्थ मागून पाहता उंदरांनी कुरतडलेल्या उशीसारखे दिसो लागले. राजे दिवसभर एका आरशात आपलेच तोंड पाहात आणि मेहुणे दुसऱ्या आरशात.

एके दुपारी मेहुणे रिकाम्या खुर्चीवर पाय पसरोन पेंगत होते, तो राजियांचा तोल गेला आणि हुकूम सुटला की ऊठ, खुर्ची गिऱ्हाइकाची आहे, तुझ्या झोपेची नाही, उद्यापासून येऊ नकोस. वास्तविक हा हुकूम मंदीस करावयाचा होता, परंतु मंदी समोर नव्हती, मेहुणे होते. ते उठले, आपला कंगवा खिशात घातला आणि चालते जाहले. राजियांनी खुर्चीवर चादर टाकिली. बाईसाहेब भांडल्या नाहीत, हीच मोठी आफत. त्यांनी बोलणे तेवढे कामापुरते ठेविले, आणि 'जेवायला वाढलंय' व 'गॅस संपलाय' या दोन फर्मानांवर पावणेदोन वर्षे संसार चालला.

मग कोठे दूरदेशी उन्हाळा कडक जाहला आणि पंख्यांस मागणी आली. शुक्रवारी फाटकावर कागद लागला की दीडशे असामी कामावर घेणे आहेत, सोमवारी मुलाखती, नीटनेटके यावे. या 'नीटनेटके' शब्दाने मुलुखात जी खळबळ उडविली ती मोठमोठ्या सरकारांस साधली नव्हती. शनिवारी सकाळी राजे शटर वर करितात तो काय, बाहेर पन्नासांवर डोकी उभी, आणि एकेका डोक्यावर दोन वर्षांची मंदी साचलेली. पहिल्याच डोक्यात कंगवा मोडला. दहा वाजेतो जेमतेम चार असामी मोकळ्या जाहल्या, आणि मग रांगेत वार्ता फुटली की पलीकडील चौकात नवे सलून निघाले आहे, तिकडे तीन खुर्च्या आहेत आणि थंड हवाही. शेपटाकडील सात शिलेदार ऐन रणात फितूर होऊन निघोन गेले. राजियांस घाम फुटला, की आज गेलेले डोके पुन्हा या दारी यावयाचे नाही, आणि मंदीतून वाचलेले राज्य तेजीत बुडते.

ते समयी बाईसाहेब चहा घेऊन आल्या. त्यांनी रांग पाहिली, चादर पाहिली, मग पुढे होऊन ती खेचली, चार घड्या केल्या आणि बोलल्या, "माझ्या भावाला घेऊन या. तोवर लोकांना मी थांबवते."

पावणेदोन वर्षांत इतके शब्द एका दमात आले नव्हते. खुर्चीवर फिटरकाका बसले होते, त्यांचा एक गाल साफ आणि एक फेसात. त्यांस तैसेच टाकोन राजे स्कूटरवर स्वार जाहले आणि कूच केले.

मेहुणे ते काळी कुत्र्यांचे केस कापण्याच्या दुकानी चाकरीस होते, कारण मंदीतही बड्या घरच्या कुत्र्यांची हजामत चुकली नव्हती. राजे आत शिरले तो टेबलावर अस्वलाएवढे एक झिपरे कुत्रे उभे. त्याने राजियांची विजार धरिली. मेहुण्यांनी वर न पाहता फर्माविले की आलाच आहात तर याचे तोंड धरा. मग राजियांनी तोंड धरिले आणि त्याच अवस्थेत वाटाघाटी सुरू केल्या. कारखाना उघडला, गर्दी लोटली, हात अपुरे पडले, हे सर्व सांगोन पाहिले, परंतु मेहुण्यांची कात्री थांबली नाही.

"इथं बरं चाललंय माझं, भावोजी," मेहुणे म्हणाले. "कुत्रं कधी 'ऊठ' म्हणत नाही."

यावर राजियांपाशी दोन-चार तिखट उत्तरे होती. ती त्यांनी गिळिली.

"चुकलं माझं," राजे म्हणाले. "राग तुझ्यावर नव्हताच. दिवस दिवस दार हलायचं नाही, मला भीती वाटायची. ती तुझ्यावर काढली."

राजियांचे डोळ्यांत पाणी आले. ते साबणाचे होते ऐसे राजे आजही सांगतात, आणि बखरकाराने हुज्जत घातली नाही. मेहुण्यांनी कुत्र्याचा एक कान पुरा केला, मग दुसरा केला, आणि मग अट घातली.

"येतो. पण त्या खुर्चीवर पहिलं डोकं तुमचं. सगळ्यांसमोर."

राजियांनी अर्ज केला की सलूनाबाहेर लाईन लागली आहे. मेहुण्यांनी तो नामंजूर केला.

इकडे बाईसाहेबांनी वहीची पाने फाडोन सर्वांस नंबर वाटिले होते, आणि फिटरकाकांचा उरला गाल स्वहस्ते साफ करोन त्यांस रवाना केले होते, एक ओरखडा सोडिता बिनतक्रार. फितूर सातांपैकी पाच तोंडे पाडोन परतले होते, कारण नव्या सलूनात आधी फोन करोन वेळ घ्यावी लागते आणि ती बुधवारची मिळत होती.

राजे मेहुण्यांस घेऊन परतले आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले. मेहुण्यांनी फडके झटकले, गळ्याभोवती बांधिले आणि मशीन चालू केले. अवघी रांग काचेस नाक लावोन पाहात होती. राजियांनी डोळे मिटले आणि खांदे आवळिले, तो मेहुण्यांनी सवयीने त्यांची मान थोपटली आणि प्रेमाने म्हणाले, "शहाणा आहेस, हलू नको हं."

मग बाईसाहेब ज्या हसल्या, त्या भिंतीस हात टेकोन हसल्या, आणि रांग हसली, आणि मेहुणे हसले, आणि फडक्याखाली राजे हलो लागले, त्यायोगे मशीन घसरोन मागे टाळूपर्यंत एक रस्ता पडला. तो बुजविण्यास उर्वरित सर्व केस उतरविणे प्राप्त जाहले.

मग दोन्ही खुर्च्या चालू जाहल्या आणि दिवस मावळेतो अठ्ठेचाळीस डोकी मार्गी लागली. सोमवारी त्यांपैकी एकतीस असामी कारखान्यात लागल्या. सरकारी कागदी मुलुख मंदीतून कोणे तिमाहीत निघाला ते सरकार जाणे. येथील नोंद ऐसी की शनिवारी सव्वाअकरा वाजता मंदी उठली. ती उठल्याची निशाणी म्हणोन राजे टोपी न घालिता महिनाभर बाजारातून हिंडले, आणि कोणी पुसता, हे आमचे मेहुण्यांचे काम, म्हणोन छातीवर हात ठेवोन सांगत. फत्ते जाहली.