शून्याची रेघ

"साहेब, बोर्ड मांडणं म्हणजे आपल्या हातचा मळ! चहा गार व्हायच्या आत सरळ रेघ दाखवतो!"

हे मी भर मीटिंगमध्ये बोललो. माणसानं फुशारकी मारू नये असं नाही, पण निदान खोकं उघडून झाल्यावर तरी मारावी!

आमची कंपनी वजनकाट्यांच्या आतले भाग बनवते. काट्यावर काही ठेवलं की बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि एक चिप त्याचे आकडे करते. ती चिप किती खरं बोलते हे गिऱ्हाइकाला दाखवायचा बोर्ड म्हणजे इव्हॅल्युएशन बोर्ड. दुपारी मोठ्या गिऱ्हाइकाकडच्या तपासनीस बाई तो बघायला येणार होत्या. "जमलं तर ठीक," साहेब म्हणाले होते, "नाहीतर तुझी प्रयोगशाळा बंद! खोली गोदामाला!" गोदामवाले काका तर सकाळीच टेप घेऊन माझ्या भिंती मोजून गेले.

बोर्ड लॅपटॉपला जोडला. बोर्डावर हिरवा दिवा लागला. इनपुटची दोन्ही टोकं वायरीनं एकमेकांना बांधली, म्हणजे आता पडद्यावर शून्याची सरळ रेघ यायला हवी. आली ती थंडी भरल्यासारखी थरथरत!

"पंखा!" मी ओरडलो. "पंख्यामुळे होतंय हे!"

पंखा बंद केला. रेघ शांत झाली. सापडला चोर! पण घाम पुसेपर्यंत पुन्हा थरथराट. मग ट्यूबलाइट घालवली. रेघ शांत, आणि लगेच पुन्हा तेच. मग एसी. मग पाणी गार करायचं यंत्र. दर वेळी जरा बरं वाटायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

तेवढ्यात गोदामवाले काका पुन्हा टेप घेऊन आत आले. "काका, तुमचा मोबाईल बंद करा!"

"माझ्या मोबाईलनं तुझं काय घोडं मारलंय? खोली द्यायची तर नीट दे की!"

मग माझाच फोन वाजला. बायको.

"अहो, जमलं का?"

"फोन करू नकोस! रेघ हलते!"

"तुमची रेघ हलते म्हणून मी बोलायचंही नाही?"

फोन आपटल्याचा आवाज आला. म्हणजे नोकरीपाठोपाठ घरीही आपलं गोदाम होणार! घड्याळाकडे बघवेना. शेवटी धावत गेलो आणि अख्ख्या मजल्याचा मेन स्विच खाली ओढला.

हिशेबाच्या बाई किंचाळल्या, "माझं सकाळपासूनचं टायपिंग गेलं! सेव्ह केलं नव्हतं हो!"

पण परत येऊन बघतो तर रेघ शांत झाली होती! आणि त्याच घडीला साहेब तपासनीस बाईंना घेऊन दारात उभे राहिले.

"हा काय अंधार?"

"श्श! हलू नका साहेब!"

सगळे घामाघूम होऊन श्वास धरून उभे राहिले. लॅपटॉप बॅटरीवर चालला होता. तपासनीस बाई वाकून बघू लागल्या. मग त्यांनी इनपुटची बांधलेली वायर सोडवली आणि तिथे बोट टेकवलं. "बोट लागलं की कुठलाही बोर्ड बिथरतो," त्या म्हणाल्या.

रेघ ढिम्म!

"बघा!" मी छाती फुगवली. "दगडासारखा आहे!"

बाईंनी भुवया आक्रसल्या आणि शांतपणे बोर्डाची केबलच उपटली. हिरवा दिवा विझला. पडद्यावरची रेघ मात्र आपल्या तालात पुढे चालली होती.

"बोर्ड काढला तरी मोजतोय?" साहेबांनी विचारलं.

"बोर्ड मोजतच नाहीये. प्रोग्रॅमला बोर्ड सापडला नाही, की तो आपल्याजवळची नमुन्याची रेघ दाखवतो. तसं आधी विचारतो तो."

विचारलं होतं की! आणि मी न वाचता ओके दाबलं होतं! माझी केबल नुसती मोबाईल चार्ज करायची. तिच्यातून वीज जात होती म्हणून दिवा लागला, आकडा एकही येत नव्हता. म्हणजे ज्या रेघेसाठी मी पंखे, दिवे, एसी आणि बायको बंद केली, ती कुठल्यातरी परक्या बोर्डाची, कधीकाळी टिपून ठेवलेली! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

बाईंनी स्वतःच्या पिशवीतून केबल काढून जोडली, वायर पुन्हा बांधली. मेन स्विच वर गेला. पंखे, दिवे, एसी, काकांचा मोबाईल, सगळं एकदम सुरू झालं. रेघ पट्टीनं आखावी तशी सरळ!

"बोर्ड उत्तम आहे. घेतो आम्ही," बाई साहेबांना म्हणाल्या. "मांडणारा माणूस तेवढा बदला."

तर प्रयोगशाळा वाचली आणि ती अजून माझीच आहे. फक्त किल्ली हल्ली साहेबांच्या हुकमानं हिशेबाच्या बाईंकडे असते. मी मागायला गेलो, की त्या आधी माझ्याकडून दोन पानं टायपिंग करून घेतात.