एकाच पत्त्यावरचे गाव

गेल्या एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी मी धुळ्याच्या ऑफिसात बसून एका प्रोग्राममधली एक ओळ बदलली. अकरा वाजून नऊ मिनिटांनी भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका गावातले शंभरावर शेतकरी नदीचे पाणी मागायला अपात्र ठरले. अकरा वाजून चौदा मिनिटांनी तिथल्या उपसा सिंचन संस्थेच्या सचिवांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही गाव बंद केलं."

संस्था नदीतून पाणी उचलते आणि शेतकऱ्यांना पाळीने देते. पाळी वेबसाइटवर मागायची असते. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मागितली नाही, तर ती पुढच्या शेतकऱ्याकडे जाते. एप्रिलमध्ये केळीची एक पाळी हुकली तर काय होते, ते केळी दोन दिवसांत दाखवते. पासवर्ड विसरला तर ईमेलवर सहा आकडी कोड जातो, तो पंधरा मिनिटे चालतो. ही वेबसाइट मी सांभाळते.

मी बदललेली ओळ साधी होती. आमच्या मेल कंपनीकडे पत्त्यात ठिपका कुठेही दिला तरी पत्र एकाच पेटीत पडते. म्हणून दोन पत्त्यांची तुलना करण्याआधी ठिपके काढून टाकायचे, इतकेच मी केले. त्याबरोबर कळले की गावातल्या सगळ्या खात्यांचा पत्ता एकच आहे, फक्त ठिपक्यांच्या जागा वेगळ्या आहेत. प्रोग्रामने नियमाप्रमाणे सर्वांत जुने खाते ठेवले आणि बाकीची बंद केली. उरलेले खाते पुंडलिक आबांचे होते. आबा ब्याऐंशी वर्षांचे, आणि जमीन विकून त्यांना चार वर्षे झाली होती.

ओळ मी लगेच परत फिरवली. संस्थेने ठरवले की महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाला स्वतःचा ईमेल काढून द्यायचा. त्यासाठी मी मंगळवारी एसटीने भडगावला आणि तिथून सचिवांच्या स्कूटीवर त्या गावात गेले. पत्त्याचा मालक पोस्टाच्या जुन्या खोलीच्या ओट्यावर बसला होता. दगडू नथू, गावाचे नाना. बत्तीस वर्षे गावोगाव डाक वाटून निवृत्त झालेले. अंगात खाकी सदरा, मांडीवर काच तडकलेला मोबाईल, शेजारी टेकवलेली सायकल.

"धुयाथीन उनी का, ताई? तूच ठिपका काढात ना?"

मी हो म्हटले. त्यांनी पाणी पुढे केले.

गावात मोबाईल घरोघरी आहेत. प्रत्येकात दुकानदाराने विकताना कुठलातरी ईमेल घातलेला असतो. कुठला, ते दुकानदारालाही आठवत नाही. वेबसाइट सुरू झाली तेव्हा लोकांनी नानांचा पत्ता दिला. संस्थेच्या संगणकाने तोच पत्ता दुसऱ्यांदा घेतला नाही, तेव्हा नानांनी ठिपक्याचा शोध लावला. पत्ता तेरा अक्षरी आहे. अक्षरांमध्ये बारा फटी, प्रत्येक फटीत ठिपका द्यायचा किंवा नाही द्यायचा. म्हणजे पत्ते चार हजार शहाण्णव होतात, हे मी त्यांना सांगितले.

"गाव एवढं मोठं नही," नाना म्हणाले. "उरी जातीन."

ठिपका कोणाला कुठला द्यायचा हे नाना ठरवत. माणसे तो आडनावासारखा सांगत. "मना तिसरा अक्षरना मांगे," असे एका शेतकऱ्याने मला नमस्कारानंतर लगेच सांगितले. दोन सख्ख्या भावांची वाटणी झाली तेव्हा थोरल्याने बांधासाठी वाद घातला नाही, ठिपक्यासाठी घातला.

कोड आला की नाना तो चिठ्ठीवर उतरवून ज्याच्या त्याच्या घरी पोचवत. फोन करून सांगत नसत. मी कारण विचारले.

"पत्ता मना, पत्र ज्यानं त्यानं," ते म्हणाले. हे वाक्य मी त्या दोन दिवसांत एकोणीस वेळा ऐकले.

चिठ्ठीवर कोड आधी आकड्यात आणि खाली अक्षरी. ४०७२१९, अक्षरी चार लाख सात हजार दोनशे एकोणीस मात्र. जुन्या मनिऑर्डरची सवय. पहिल्या महिन्यात तिघांनी वेबसाइटच्या चौकटीत 'मात्र' टाइप करायचा प्रयत्न केला होता. त्या तक्रारी तेव्हा माझ्याकडे आल्या होत्या आणि मला त्यांचा अर्थ लागला नव्हता. चिठ्ठी दिल्यावर नाना वहीत सही किंवा अंगठा घेत, तोपर्यंत हलत नसत.

त्यांची एकच तक्रार होती. पंधरा मिनिटे.

"ताई, मनी सायकल शे, विमान नही."

मी म्हटले, सुरक्षेसाठी मुदत कमीच असते. त्यांनी मला स्वतःच्या मागे यायला सांगितले. मी स्कूटीवर, ते सायकलवर. सर्वांत लांबचे घर नाल्यापलीकडे होते. वाटेत चार जणांनी चहाला हाक मारली. "पत्र हातमा शे," एवढेच म्हणून ते पुढे गेले. अकरा मिनिटे चाळीस सेकंद. सही घेण्यात दोन मिनिटे गेली, कारण घरमालक चष्मा शोधत होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी ग्रामपंचायतीत टेबल मांडले आणि एकेकाचा ईमेल काढून द्यायला लागले. नाना शेजारी बसून आपल्या वहीतले एकेक नाव खोडत होते. प्रत्येक नावाला ते पट्टी लावून सरळ रेघ मारत. कोणी पासवर्ड मोठ्याने सांगायला लागला की दटावत, "हळू रे. बाजूना आयकी लेई." एकाने पासवर्ड म्हणून बैलाचे नाव दिले, मागच्याने ते ऐकून तेच दिले. बैल दोघांचा मिळून होता. तीन वाजेपर्यंत वहीत एकच नाव उरले. सिंधूबाई.

त्या आल्या नाहीत. त्यांचा मोबाईल घेऊन त्यांचा दीर आला. रमेश.

"ताई, वहिनीनं खातं ह्याच मोबाईलमा टाका. तिले काही समजत नही."

नाना वहीवरून डोळे न उचलता म्हणाले, "तिले बठ्ठं समजस. म्हनीसनच तू उना."

रमेश गेल्यावर त्यांनी मला सांगितले ते असे. सिंधूबाईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. दोन एकर केळी त्या एकट्या करतात. शेजारी रमेशचे शेत आहे आणि पाळी यादीत त्यांच्यानंतर त्याची आहे. बाईंचा मोबाईल बहुतेक वेळ त्याच्या खिशात असतो. मागच्या वर्षी त्याने त्यांच्या पासवर्डने आत शिरून पाळी सोडून दिली होती. तेव्हापासून सिंधूबाई दर पाळीला नानांकडे निरोप धाडतात आणि नाना वेबसाइटवर त्यांचा पासवर्ड विसरल्याचे कळवतात. कोड नानांकडे येतो. नाना चिठ्ठी आणि स्वतःचा मोबाईल घेऊन शेतात जातात. बाई नवा पासवर्ड टाकतात, पाळी मागतात. त्या टाइप करत असताना नाना नदीकडे तोंड करून उभे राहतात.

"एकदाव तो कोड मांगाले उना," नाना म्हणाले. "सांगे, वहिनीले ताप शे, मनाजोडे द्या. मी म्हनं, ताप शे? मंग मी देखी येस."

नाना तापाच्या गोळ्या घेऊन गेले. सिंधूबाई केळीच्या झाडांना बांबूचे टेकू देत होत्या. रमेश बांधावर उभा होता. नानांनी गोळ्या त्याच्या हातात दिल्या.

"मी म्हनं, वहिनी बरी शे रे. ताप तुलेच दिखस."

मी घड्याळ पाहिले. तीन पन्नास झाले होते. सिंधूबाईंची पाळी गुरुवारी होती, म्हणजे पाच वाजेपर्यंत ती मागायला हवी होती. त्यांचा नवा ईमेल त्यांच्या मोबाईलवर काढला असता तर कोड रमेशच्या खिशात गेला असता. जुना पत्ता ठेवायचा, तर संस्थेच्या नव्या नियमाप्रमाणे त्या पत्त्याला पडताळलेला मालक हवा होता. पत्ता नानांचा होता, पण वेबसाइटवर नानांच्या नावाने आजवर खातेच नव्हते.

मी सचिवांना फोन केला. एका पत्त्यावर दोन खाती चालतील अशी एकच सवलत मी ठेवणार आहे, असे सांगितले. त्यांनी विचारले, कागदावर काय लिहायचे? मी म्हटले, पडताळणीची पद्धत : प्रत्यक्ष.

मग मी नानांना सांगितले की त्यांच्या नावाने खाते काढावे लागेल आणि कोड त्यांनाच येईल.

"मना नावनं?"

"तुमच्याच."

पेटीत अकरा हजारांवर मेल होत्या. मी नाव घालून शोधले. नानांना आलेली एकही नव्हती.

चार वाजून बारा मिनिटांनी कोड आला. मी म्हटले, नाना, इथेच टाका, सहा आकडे आहेत. त्यांनी चिठ्ठी काढली, आकडे उतरवले, खाली अक्षरी लिहिले, घडी घातली आणि उठले.

"नाना, वेळ नाही. पाचला बंद होतं."

"ताई, पत्र रस्तामा देतस नही. घर पोचाले पाहिजे."

ते सायकलवर बसले. मी स्कूटीवर मागे गेले. घर मारुतीच्या देवळामागे होते, दोन खोल्यांचे. दाराला कुलूप होते. नानांनी सायकल लावली, दारापुढे उभे राहिले आणि हाक मारली.

"दगडू नथू! पत्र!"

ते थांबले. दुसऱ्यांच्या दारापुढे थांबतात तेवढेच थांबले. मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडले, आत गेले आणि उंबरठ्याच्या आतून चिठ्ठी वाचली. वहीत सही केली.

चार वाजून चोवीस मिनिटांनी खाते पडताळले गेले. मी लगेच सिंधूबाईंचा कोड मागवला, तो चार वाजून सव्वीस मिनिटांनी आला. त्यांचे शेत देवळापासून नऊ मिनिटांवर आहे.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी वेबसाइटवर सिंधूबाईंची गुरुवारची पाळी नोंदली गेली.