दोन मापं मोठे स्केट

लेकीला आइस हॉकी खेळायची होती आणि शनिवारी नवशिक्यांची निवड होती. एवढं कळल्यावर वडिलांनी मनाशी दोनच गोष्टी पक्क्या केल्या. स्केट स्वस्त हवेत आणि वाढत्या मापाचे हवेत. गणवेश, रेनकोट, सायकल, लेकीचं आजवरचं सगळं त्यांनी वाढत्या मापानंच घेतलं होतं. पोर बिचारी कुठल्याच वस्तूत कधी पुरती मावली नव्हती. वस्तू अंगाला येईपर्यंत फाटून जात असे.

"स्केट पायाला घट्ट लागतात. बोट पुढे जेमतेम टेकलं पाहिजे," दुकानातली बाई म्हणाली.

"वाढतं वय आहे हो तिचं."

"वय वाढेल, पण घोटा आजच मुरगळेल."

"जाड मोजे घालू," म्हणत वडिलांनी सवलतीच्या ढिगातून दोन मापं मोठा जोड उचलला. बाईनं पात्यांना फुकट धार लावून देऊ का विचारलं. धार लावलेला जोड परत घेत नाही, हेही तिनं त्याच दमात सांगितलं. पण 'फुकट' ऐकल्यावर वडिलांना पुढचं ऐकू येत नसे.

शनिवारी बर्फाच्या मैदानावर तीन-तीन मोजे चढवूनही पायाची चाल वेगळी आणि स्केटची वेगळी. लेक डावीकडे वळली, स्केट सरळ गेले. कोचनी तिला उचलून बाकावर बसवलं आणि भाड्याचे, मापाचे स्केट घातले. पण पोरीनं आता धसका घेतला होता. तिनं कडेचा कठडा धरला तो सोडेचना.

"हिनं कठडा सोडल्याशिवाय मी निवड कशी करू?" कोच म्हणाले. "घरचं कुणी आत येऊन हात धरेल का हिचा?"

वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक त्यांची आणि रडत होती पोर. तेवढ्यात आईनं बूट काढून तो मोठा जोड पायात चढवला. तिला तो अगदी बेतल्यासारखा बसला.

"अगं, तुला कुठे येतं?"

"नाही येत. पण दुकानवाली परत घेणार नाही ना? मग कुणीतरी घालायलाच हवेत."

धार फुकटची असली तरी उत्तम लागली होती. लेकीला धरायला निघालेली आई लेकीच्या शेजारून "अगं, अगं" करत संथपणे पुढे निघून गेली, ती थेट पलीकडच्या गोलपर्यंत. तिथला खांब तिनं कवटाळला. मुलं त्याच गोलवर नेम धरून हॉकीच्या रबरी चकत्या मारत होती. पहिली तिच्या पायावर आपटून परत गेली. दुसरीही.

"आई, थांब, मी आले," म्हणत लेकीनं कठडा सोडला. दोनदा पडली, उठली, पुन्हा निघाली आणि आईजवळ पोचली.

"घेतली मुलीला," कोच म्हणाले.

वडिलांचे डोळे भरून आले.

"आणि हिच्या आईलाही विचारा," कोच पुढे म्हणाले. "मुलांच्या आयांच्या संघाला गोलकीपर हवी आहे."

"अहो, तिला जागचं हलता येत नाही."

"आधीची फार हलायची. म्हणून तर जागा रिकामी आहे."

पलीकडून आईचा आवाज आला, "खेळेन म्हणावं. पण आधी मला कुणीतरी या खांबापासून सोडवा."